तुरीतली वासरं आणि रात्रीची जागल

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी दोन व्हिडिओ आले. पहिला मामेबहिणीचा, कॅनडातल्या अल्बर्टाहून. घरामागच्या हिरवळीवर एक मूस मादी आणि तिची दोन बऱ्यापैकी वाढलेली पिल्लं, निवांतपणे कसलंसं झुडूप ओरबाडतायत. दुसरा देऊळघाटहून, धाकट्या चुलतभावाचा. पहाटेचं धुकं, तुरीच्या तासाच्या कडेला एक रोही मादी उभी आणि तिच्या पोटाखाली दोन वासरं ढुशा देतायत. जेमतेम पंधरा सेकंदांचा. शेवटी भाऊ खोकतो आणि तिघंही तुरीत गडप.

दोन्ही व्हिडिओंवर सारख्याच उत्साहाने बदाम पडले. पुणे, नाशिक, अकोला, सगळीकडच्या आत्या-मावश्यांनी "कित्ती गोड!" लिहिलं. तासाभराने काकांचा आवाज आला (काका टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात): "गोड हायेत बाप्पा, पर हरभऱ्याचे चार तास एका रातीत सपाट केले, त्याचं काय?"

यावर ग्रुपवर शांतता. मग कुणीतरी शुभरात्रीचं फूल टाकलं :)

म्हटलं, आता यावर जरा सविस्तर लिहावंच.

आधी ज्यांनी रोही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी. हिंदीत जिला नीलगाय म्हणतात ती आमच्याकडे रोही. नर निळसर करडा, घोड्याएवढा उंच, गळ्यावर पांढरा ठिपका आणि खाली लोंबणारा केसांचा झुपका. एवढ्या थोरल्या देहाला शिंगं मात्र वीतभर, कुणीतरी घाईत लावून दिल्यासारखी. मादी पिवळट तपकिरी, तिला शिंगं नाहीत. वासरंही त्याच रंगाची, म्हणजे वाळत आलेल्या गवतात ठेवलीत तर चार हातांवरून दिसणार नाहीत. पाठीचा उतार खांद्याकडून शेपटीकडे, त्यामुळे धावताना मागचा भाग जरा मागे राहिल्यासारखा वाटतो. आजी म्हणायची, ब्रह्मदेवाने घोडा करायला घेतला आणि अर्ध्यात त्याला गाय आठवली.

आजीचं म्हणणं तितकंसं चुकीचं नव्हतं. "ती गाय नाहीच, ते एक प्रकारचं हरीण आहे" असं शहाण्यासारखं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्राणिशास्त्रात रोही आणि गाय एकाच उपकुळात येतात. काळविटापेक्षा ती आपल्या गोठ्यातल्या गाईला जवळची. तिचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे चौसिंगा. ताईच्या अंगणातला मूस मात्र खरोखर सांबराच्या कुळातला, दरवर्षी शिंगं टाकून नवी उगवणारा. तेव्हा दोन व्हिडिओंतल्या आयांचं नातं तसं लांबचंच. दोघींना जुळी होतात हे मात्र खरं. रोही आठेक महिने पोटात वाढवते आणि बऱ्याच वेळा जुळी देते.

आता त्या वासरांचं. पहिला महिनाभर रोही आपलं वासरू सोबत घेऊन फिरत नाही. दाट जागा बघून ते बसवून ठेवते आणि चरायला निघून जाते. ठरावीक वेळाने येते, पाजते, पुन्हा जाते. वासरू हलत नाही, ओरडत नाही. जवळून माणूस गेला तरी मान जमिनीला टेकवून पडून राहतं. आमच्याकडे बरीचशी वासरं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढे दिसतात. त्या वेळी दाट जागा कोणती, तर तूर! सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं आणि मधली तुरीची तासं उभी राहतात, माणूस आत शिरला तर टोपी दिसणार नाही अशी. खालून गार सावली, वरून पिवळी फुलं. मी रोही असतो तर मीही तिथेच ठेवलं असतं.

दर वर्षी याच दिवसांत कुणाला तरी तुरीत "आईविना" वासरू सापडतं. दया येते. उचलून घरी आणतात, बाटलीने गाईचं दूध पाजतात, लेकरं फोटो काढतात, चार दिवसांत ते हगवणीने मरतं. आई बिचारी रात्रभर त्या तासात हिंडत राहते. देऊळघाटला सुट्टीत जाणाऱ्या सगळ्या भाचरांना माझी कळकळीची विनंती: वासरू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं नसतं. त्याला हात लावू नका, त्याच्याजवळ उभे राहून व्हिडिओही काढू नका, कारण तुम्ही तिथे आहात तोवर आई येत नाही. आणि अंगावर जखम असेल किंवा ते विहिरीत पडलं असेल तर वन विभागाला कळवा, गोठ्यात नेऊन बांधू नका.

हे झालं मायेचं. आता काकांच्या चार तासांकडे येतो.

शहरात माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येकाचा समज असा, की रोही जंगलातून येते. जंगल तुटलं, चारा संपला, म्हणून बिचारी शेतात शिरते, वगैरे. वाघ-अस्वलाबद्दल हे थोडंफार खरं असेल. आमच्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेलं, साधारण २०५ चौरस किलोमीटरचं. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ साली तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टी१सी१ वाघ तेलंगणाची सीमा ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला होता. त्या महिन्यात जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. पण ज्ञानगंगा बुलढाण्याच्या पलीकडे, खामगावच्या अंगाला. देऊळघाटच्या रोही तिथून रोज रात्री जेवायला येत नाहीत! त्या इथल्याच आहेत. रोहीला घनदाट जंगल फारसं मानवतच नाही. तिला लागतं उघडं माळरान, काटेरी झुडपं, नाल्याकाठची बाभळीची गर्दी आणि शेजारी शेत. पैनगंगेच्या काठाने अशी जागा तिला पूर्वीपासून आहे.

पूर्वी त्या दिवसभर ई-क्लासच्या जमिनीत असायच्या. विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी पडीक जमीन. कागदावर ती अजून बरीच आहे. प्रत्यक्षात तिच्यावर कुठे पीक उभं आहे, कुठे घरं, कुठे मुरूम काढून पडलेले खड्डे. कुणी केलं, का केलं, यात मी शिरत नाही. बरेचसे भूमिहीनच होते आणि त्यांनाही पोट आहे. पण परिणाम असा, की रोहीला दिवसा बसायला जी जागा होती ती गेली आणि आता ती दिवसासुद्धा वावरातच असते. जो प्राणी माझ्या काकांच्या तुरीत जन्मतो, त्यांच्या हरभऱ्यावर वाढतो आणि त्यांच्याच नाल्यावर पाणी पितो, त्याला "जंगलातून भरकटलेला" म्हणणं म्हणजे शेजाऱ्याला पाहुणा म्हणण्यासारखं आहे.

पाहुणा म्हटलं की दोन दिवसांचा प्रश्न. शेजारी म्हटलं की जन्मभराचा. सरकारचे सगळे कागद पाहुण्याच्या हिशेबाने लिहिलेले आहेत, इथे माझी खरी तक्रार सुरू होते.

रोही हरभरा कशी खाते ते बघा. हरभऱ्याचे शेंडे आम्हीही खुडतो. काकूच्या हातची त्या पाल्याची भाजी आणि कळण्याची भाकर खाल्ली नसेल तर तुमचा हिवाळा फुकट गेला. शेंडा खुडला की झाडाला फांद्या जास्त फुटतात, हे शेतकऱ्याला माहीत असतं. रोही शेंड्यावर थांबत नाही. शिवाय एक येत नाही. पाच-सात येतात, पीक खातात त्याच्या दुप्पट तुडवतात आणि पोट भरलं की तिथेच बसतात. सकाळी बघावं तर वावरात गाद्या घातल्यासारखे चपटे गोल. आणखी एक खोड, लेंड्या टाकायला रोज त्याच जागेवर जातात. धुऱ्याशी त्यांचा हा ढीग वाढत जातो. भाऊ म्हणतो, खत तरी देतात बिचाऱ्या, भाडं समजायचं.

हे थांबवायला गावात काय काय करून झालं आहे! बुजगावणं पहिल्या आठवड्यात ओळखीचं होतं. वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. आमच्या वावराला काकूच्या लग्नापासूनचा सगळा साड्यांचा इतिहास बांधलेला आहे, आत्याने तिची एक बरोबर ओळखली होती. गोफण, डबे, सुतळी बॉम्ब. बॅटरीवरचा भोंगा, त्यात कुत्र्यांचं भुंकणं आणि "हुर्रर्र हाऽऽऽ" भरून ठेवलेलं. चार रात्री त्या बिचकतात, पाचव्या रात्री भोंग्याखाली उभ्या राहून चरतात. सोलरवरची झटका मशीन चांगली, पण सगळ्या बांधाला तार ओढायची तर खर्च आहे, तारेखालचं गवत सारखं कापावं लागतं, बॅटरी चोरीला जाते. शिवाय आमच्याकडे झटका लागला की रोही शेजारच्या चाचांच्या वावरात शिरते. चाचांनी लावली की त्यांच्या पलीकडे. म्हणजे ज्याला मशीन परवडत नाही त्याच्याकडे गावातल्या सगळ्या रोही जमा. काही जण तारेत थेट मेन लाईनचा करंट सोडतात. तो गुन्हा तर आहेच, पण त्यात रोहीपेक्षा पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस आधी सापडतो. त्याबद्दल दुमत नको.

तर शेवटी एकच उपाय खात्रीचा उरतो. जागल.

जागल म्हणजे काय, हे ज्यांनी केली नाही त्यांना सांगणं अवघड आहे. हरभरा उगवला की सुरू. रात्री नऊला जेवून काका किंवा भाऊ, आळीपाळीने, वावरात. बल्लीवर चार फळ्या टाकून केलेला माळा, घोंगडी, बॅटरी, काठी, शेकोटी. बुलढाणा घाटावर असल्यामुळे पौषात थंडी हाडांत शिरते, घाटाखालच्यांना त्याची कल्पना नाही. दर तासाने उठून धुऱ्याने एक फेरा मारायचा. रोही अंधारात दिसत नाही, ऐकू येते. आधी तुरीत सळसळ, मग टापांचा मऊ आवाज, मग बॅटरी टाकली की हिरवे डोळे. ओरडायचं, पिटाळायचं, परत यायचं, जरा डोळा लागला की पुन्हा सळसळ. त्यात रात्रीची लाईन असेल तर पाणीही द्यायचं. साप, विंचू, चिखल. पहाटे पाचला घरी, सातला गुरांचं दूध, आठला फवारणी. असं हरभऱ्याच्या उगवणीपासून तूर घरात येईपर्यंत, म्हणजे साधारण शंभर रात्री.

शंभर रात्री, मंडळी. सलग. मी पुण्यात रात्रपाळी करतो तेव्हा मला रात्रपाळीचा भत्ता मिळतो, न्यायला-सोडायला गाडी येते आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणी मिक्सर लावला तरी मी ओरडतो.

सहज हिशेब करून बघितला. गावात दिवसाची मजुरी साडेतीनशे धरली तर एका माणसाच्या शंभर रात्रींचे पस्तीस हजार होतात. काकांच्या तीन एकरांत हरभरा चांगला पिकला तर वीसेक क्विंटल. क्विंटलला पाच हजार धरले तर लाख रुपये, बी-खत-फवारणी-काढणी वजा न करता. म्हणजे ढोबळ उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं काम नुसतं जागण्याचं आहे आणि ते कुठल्याच कागदावर नाही. उत्पादन खर्चाच्या चर्चेत कुणी ते धरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काकाही धरत नाहीत. "जागलीचे कायले पैसे? घरचाच मानूस हाये," म्हणतात.

आणि नुकसानभरपाई? आहे ना. वन विभागाकडे अर्ज करायचा. वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) यांनी पंचनामा करायचा. किती क्षेत्र, किती टक्के नुकसान, त्यावर रक्कम. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पीक विम्यातही खरीप २०२६पासून वन्य प्राण्यांमुळे होणारं नुकसान जादा संरक्षण म्हणून घेण्याची सोय जाहीर केली. बहात्तर तासांच्या आत अ‍ॅपवर फोटोसह कळवायचं. या सगळ्याला माझा विरोध नाही, उलट उशिरा का होईना, बरं झालं. पण यातली गंमत लक्षात घ्या. पैसे मिळतात ते खाल्लेल्या पिकाचे. जो शंभर रात्री जागला आणि ज्याने पीक वाचवलं, त्याला काहीच नाही, कारण त्याचं "नुकसान" झालेलं नाही! जो झोपला त्याला निदान पंचनामा तरी मिळतो. शिवाय रोही रोज थोडं थोडं खाते. आज दोन तासं, परवा एक. प्रत्येक वेळी बहात्तर तासांचा हिशेब ठेवायचा तर एक माणूस जागलीला आणि एक अ‍ॅपला ठेवावा लागेल.

मारून टाका, हा दुसरा रस्ता. आमच्या ग्रुपवर त्याचेही पुरस्कर्ते आहेत (नावं घेत नाही, दिवाळी आत्ताच झाली). २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रोही आणि रानडुकरांच्या पारधीचे परवाने देण्याची सोय केली. केंद्राने बिहारमध्ये ठरावीक काळापुरतं रोहीला उपद्रवी घोषित केलं होतं. तेव्हा २०१६च्या जूनमध्ये मोकाम्याच्या टाल भागात बाहेरून नेमबाज बोलावून काही दिवसांत दोनशेहून जास्त रोही मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकरांची, जाहीर जुंपली होती. एका बाजूला "मारण्याची हौस" म्हणून संताप, दुसऱ्या बाजूला "राज्यांनी मागणी केली, शेतकऱ्याने काय करायचं" असा सवाल. मला त्यात दोघांचंही अर्धं पटलं होतं.

पण मारण्याने प्रश्न सुटतो का, याचं उत्तर टेक्सासमध्ये जाऊन बघावं. तिथल्या किंग रँचवर १९३०च्या सुमारास आपल्याकडची रोही नेऊन सोडली. आज दक्षिण टेक्सासात ती हजारोंनी आहे. तिथे तिला धर्माचं संरक्षण नाही, कायद्याचं नाही, शिकारी पैसे मोजून मारतात, मांस विकलं जातं, गुरांच्या गोचीडतापाच्या भीतीने सरकारही मारतं. तरी ती आहेच. आठ महिन्यांत जुळी देणारा प्राणी, त्याला खायला हिरवंगार शेत आणि मागे लागायला ना वाघ ना लांडगा. दोनशे मारल्या तर उरलेल्यांना चारा जास्त. आमच्याकडे परवाना मिळाला तरी मारायचं कुणी? काका मारणार नाहीत. गाईचा शब्द तिला चिकटलेला नाही आमच्या भाषेत, रोही म्हणजे रोही, तरी ते मारणार नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे, तिचं लेकरू मायाच तुरीत हाये. मी हाकलतो, ते माया हक्काचं. मारायचं कसं?" यात मोठं तत्त्वज्ञान शोधू नका. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी रोहीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

मला म्हणायचंय ते एवढंच. रोही इथे राहणार. तिला ठेवून घ्यायचं असेल, आणि "कित्ती गोड" लिहिणाऱ्या आपल्या सगळ्यांना ती ठेवून घ्यायची आहे असं दिसतं, तर तिला ठेवून घेण्याचं जे काम आहे त्याला मजुरी द्या. ते काम म्हणजे जागल. भरपाई खाल्लेल्या पिकाची द्याच, पण राखणीचेही पैसे द्या. गावागणिक चार-पाच जोड्या, ग्रामसभेने निवडलेल्या, हरभरा पेरणीपासून तूर काढणीपर्यंत, शिवारं वाटून घेऊन, रोजाने. १९७२च्या दुष्काळात ज्या राज्याने माणसांच्या हाताला काम म्हणून खडी फोडायला पैसे दिले आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून दाखवला, त्या राज्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. खडी फोडण्यापेक्षा हे काम नक्कीच जास्त उपयोगाचं आहे. आणि हिवाळ्यात रात्री जागायला तयार असलेली बेकार पोरं गावात कमी नाहीत. तशीही ती मोबाईलवर जागीच असतात.

पूर्वी गावात जागल्या असायचा. ती पद्धत परत आणा असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. विशिष्ट जातींवर लादलेलं, मूठभर धान्यावर राबवून घेणारं जोखड होतं ते, गेलं ते उत्तम झालं. पण रात्री जागणं हे काम आहे, एवढं त्या जुन्या गावाला कळत होतं. आजच्या हिशेबात ते कामच नाही.

सोबत दोन गोष्टी लागतील. कुंपण करायचं तर एकेकट्या वावराला नको, शिवाराला सामाईक हवं, म्हणजे चाचांच्या डोक्यावर आमच्या रोही जाणार नाहीत. आणि ई-क्लासचा जो काही तुकडा नाल्याच्या कडेने उरला आहे तो तरी मोकळा राहू द्या. राखणदार हाकलणार, पण कुठे हाकलणार? तिला दिवसा बसायला जागा असेल तरच हाकलण्याला अर्थ आहे.

हे सगळं मी भावाला फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरकारी रोजावरचा जागल्या वावरात येऊन आमच्याच माळ्यावर झोपन." आता यावर काय बोलणार! झोपेलही. ज्याचं वावर नाही तो शंभर रात्री त्याच चिकाटीने जागेल अशी माझीही समजूत नाही. पण पाच जोड्यांतल्या दोन जरी जाग्या राहिल्या तरी काका आठवड्यात तीन रात्री घरी झोपतील. ते आता एकसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी माळ्यावरून उतरताना पाय सरकून मनगट मोडलं, तेव्हा पंधरा दिवस भावाने एकट्याने जागल केली आणि सोळाव्या दिवशी मोटरसायकलवर त्याचा डोळा लागला. नशीब, रस्ता रिकामा होता. हे ग्रुपवर कुणालाच सांगितलं गेलं नाही, कारण त्याचा व्हिडिओ नव्हता. (सांगितलं म्हणून भाऊ माझ्यावर चिडणार आहे. चिडू दे.)

ताईने अल्बर्टाहून विचारलं होतं की तिथल्यासारखं इथे प्राणी दिसले की लोकांना आनंद होत नाही का. होतो गं. भावाने तो व्हिडिओ काढला तेव्हा त्याच्या हातात काठी होती आणि तो हाकलायलाच गेला होता. वासरं पिताना दिसली म्हणून थांबला, त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबला, मग खोकला. तो खोकला मुद्दाम होता. तुझ्याकडच्या मूसने शोभेचं झुडूप खाल्लं, त्या रोहीने पुढच्या वर्षीच्या शाळेच्या फीमधलं थोडं खाल्लं, एवढाच फरक आहे.

नाताळच्या सुट्टीत जे देऊळघाटला येणार आहेत त्यांच्यासाठी: मी २४ ते ३१ तारखेपर्यंत तिथे आहे. आठपैकी पाच रात्री माझ्या आणि थोरल्या भाच्याच्या नावावर लिहिल्या आहेत. २६, २७ आणि ३० अजून रिकाम्या आहेत. एका वेळी दोघं लागतात. जाड स्वेटर, कानटोपी आणि घोट्यापर्यंतचे बूट आणा, चहाचा थर्मास काकू देते. वासरं आता आईमागे फिरायला लागली आहेत, चांदण्यात धुऱ्यावर दिसतात. फोटो काढायचे तर फ्लॅश बंद ठेवा. आणि दिसली की आधी हाकला.